वणव्याच्या धुराचा माग

वणवा जंगलात पेटतो, पण त्याचा धूर जंगलात थांबत नाही. जून २०२३च्या सुरुवातीला कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात सुकलेल्या रानावर विजा कोसळल्या आणि एकाच वेळी अनेक ठिकाणी आगी लागल्या. ७ जूनला दुपारी, तिथून आठशे-हजार किलोमीटर दक्षिणेला, न्यूयॉर्क शहराचे आकाश नारिंगी झाले. भरदुपारी गाड्यांना दिवे लावावे लागले. लागार्डिया विमानतळाकडे येणारी विमाने काही काळ रोखून धरली गेली, यांकी स्टेडियमवरचा बेसबॉलचा सामना पुढे ढकलला गेला. हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक तासातासाच्या मोजणीत ४००च्या पलीकडे गेला. मोजण्याची पट्टी थोडी वेगळी असली, तरी दिल्लीकराला नोव्हेंबरमध्ये असे आकडे परके नाहीत. न्यूयॉर्कच्या माणसाने मात्र ते कधी पाहिले नव्हते.

हा धूर आला कुठून, हे त्या दिवशी कोणाला शोधत बसावे लागले नाही. क्वेबेकवरून निघालेला करडा-तपकिरी पट्टा उपग्रहांच्या चित्रांत दक्षिणेकडे सरकताना दिसत होता. नोव्हा स्कोशियाच्या आसपास कमी दाबाचे क्षेत्र ठाण मांडून बसले होते. बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्याभोवती वारे जसे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात, तसेच ते याच्याभोवतीही फिरत होते, आणि त्याच्या पश्चिम अंगाला उत्तरेकडून खाली येणाऱ्या वाऱ्याच्या वाटेवर न्यूयॉर्क होते.

ही सोय नवी आहे. १९ मे १७८० रोजी अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंड भागात भरदिवसा इतका काळोख झाला की लोकांनी मेणबत्त्या लावल्या, आणि अनेकांना जगाचा शेवट आला असे वाटले. तो वणव्याचा धूर असावा हा तर्क जुना होता. त्याला कॅनडातल्या ओंटारियोमधल्या जुन्या झाडांच्या वाढवलयांवरच्या जळक्या खुणांचा आधार मिळाला तो सव्वादोनशे वर्षांनी. सप्टेंबर १९५० मध्ये अल्बर्टा आणि ब्रिटिश कोलंबियाच्या सीमेवरची चिंचागा नावाने ओळखली जाणारी प्रचंड आग भडकली, तेव्हाही २४ सप्टेंबरला पूर्वेकडच्या शहरांत दुपारी रस्त्यांवरचे दिवे लागले. कोणाला ते ग्रहण वाटले, कोणाला अणुयुद्धाची सुरुवात. दोनच दिवसांनी स्कॉटलंडमध्ये सूर्य निळा दिसला. एकसारख्या, साधारण एक मायक्रॉन आकाराच्या कणांचा थर असला, तर तो निळ्यापेक्षा तांबड्या प्रकाशाला जास्त विखुरतो, आणि मग सूर्य नेहमीसारखा लाल न दिसता निळसर दिसतो. एडिंबरोच्या वेधशाळेने त्या निळ्या सूर्याचा वर्णपट घेतला. पण अटलांटिक ओलांडून आलेल्या त्या थराचा पूर्ण आकार एका नजरेत पाहण्याचे साधन तेव्हा कोणाकडेच नव्हते.

ते साधन आज आहे, पण ते लोकांना वाटते तितके सरळ नाही. उपग्रहावरचे उपकरण धूर मोजत नाही, ते प्रकाश मोजते. सूर्याचा प्रकाश खाली जाऊन परत येताना त्यात काय फरक पडला, यावरून धुराचा अंदाज बांधावा लागतो. धूर म्हणजे मुख्यतः सेंद्रिय कार्बन आणि काजळीचे बारीक कण, आणि त्यांच्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड, फॉर्माल्डिहाइड असे वायू. बहुतेक कण ०.१ ते ०.३ मायक्रॉनच्या घरातले असतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा धरला, तर त्याच्या जाडीत असे काही शे कण ओळीने मावतील. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन आहे. कण आणि तरंग यांची मापे अशी जवळजवळची असल्यामुळेच धूर प्रकाशाला इतका अडवतो, आणि लांब तरंगांना जवळजवळ अडवतच नाही. धुराचा माग काढण्याची बरीचशी विद्या या एका गोष्टीवर उभी आहे.

पाहणारे डोळे दोन जातींचे आहेत. एक जात ध्रुवावरून ध्रुवावर फिरणाऱ्या उपग्रहांची. जमिनीपासून सातशे-साडेआठशे किलोमीटर उंचीवरून ते साधारण शंभर मिनिटांत पृथ्वीची एक फेरी पूर्ण करतात. डिसेंबर १९९९ मध्ये सोडलेला 'टेरा' आणि मे २००२ मधला 'ॲक्वा' हे नासाचे उपग्रह या कामातले जुने जाणते. दोघांवरही 'मोडिस' नावाचे उपकरण आहे. ते प्रकाशाच्या ३६ पट्ट्यांत पाहते आणि एका फेरीत २,३३० किलोमीटर रुंदीचा प्रदेश टिपते. त्यांच्यानंतर 'सुओमी एनपीपी' (२०११), 'नोआ-२०' (२०१७) आणि 'नोआ-२१' (२०२२) हे उपग्रह 'व्हीअर्स' हे उपकरण घेऊन गेले. त्यांचा पट्टा तीन हजार किलोमीटरहून रुंद आहे. दुसरी जात भूस्थिर उपग्रहांची. विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर ते पृथ्वीच्याच वेगाने फिरतात, म्हणून एकाच ठिकाणी टांगल्यासारखे दिसतात. २०२३ मध्ये अमेरिकेच्या पूर्व भागावर नजर ठेवणारा 'गोज-१६' दर दहा मिनिटांनी पृथ्वीच्या समोरच्या पूर्ण चकतीचे आणि दर पाच मिनिटांनी अमेरिकेच्या मुख्य भूमीचे चित्र घेत होता. पूर्व आशियावर जपानचा 'हिमावारी' तसाच बसलेला आहे. भारतावर 'इन्सॅट-३डीआर' आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये गेलेला 'इन्सॅट-३डीएस' हे काम करतात.

ध्रुवीय उपग्रह वासुदेवासारखा. ठरलेल्या वेळी दारावरून जाणार, जवळून आणि बारकाईने पाहणार, पण पुढच्या फेरीपर्यंत पुन्हा दिसणार नाही. भूस्थिर उपग्रह वेशीवरच्या जागल्यासारखा. तो हलत नाही आणि सगळे पाहतो, पण लांबून. कॅनडासारखा उत्तरेकडचा देश तर त्याला तिरकाच दिसतो, आणि तिरक्या नजरेत चित्रातला प्रत्येक ठिपका ताणला जाऊन मोठा होतो. म्हणून आग नेमकी कुठे आहे हे पहिल्याला विचारायचे, आणि धूर कोणत्या वेगाने कुठे चालला आहे हे दुसऱ्याला.

सर्वांत सोपा पुरावा म्हणजे साधे रंगीत चित्र. त्यात ढग पांढरा, गाठीगाठींचा, कडा असलेला दिसतो. धूर करडा किंवा फिकट तपकिरी, गुळगुळीत, आणि त्याखालच्या नद्या-शेते पुसट दिसू देणारा. (गंमत अशी की गोज-१६ला हिरवा रंग दिसतच नाही. त्याच्या १६ पट्ट्यांत निळा आणि तांबडा आहेत. हिरवा नंतर गणिताने तयार करून मिसळला जातो. बातम्यांत दिसणारी हिरवीगार जंगले त्या अर्थाने संगणकाने रंगवलेली असतात.) संशय आला तर तेच दृश्य २.२ मायक्रॉनच्या आसपासच्या लघुअवरक्त पट्ट्यात पाहतात. त्या तरंगांपुढे धुराचे कण फारच लहान पडतात. धूर चित्रातून जवळजवळ नाहीसा होतो, खालची जमीन स्वच्छ दिसते आणि आगीची कड झळकते. पाण्याच्या थेंबांचा ढग मात्र असा नाहीसा होत नाही. धुळीचे वादळ ओळखायला आणखी लांब, उष्णतेच्या तरंगांचे पट्टे वापरतात. धुळीचे जाड खनिज कण तिथे आपली खूण सोडतात, धूर सोडत नाही.

चित्र किती वाजताचे आहे यालाही महत्त्व आहे. धुराचे कण प्रकाश मागे कमी आणि पुढे जास्त फेकतात. सूर्य डोक्यावर असताना उपग्रहाकडे परत येणारा प्रकाश कमी, म्हणून पातळ धूर दुपारी हरवून जातो. सकाळी सूर्य उगवल्यावर लगेच आणि संध्याकाळी मावळण्याआधी प्रकाश तिरका येतो, आणि तोच धूर चित्रात उठून दिसतो. घराच्या कवडशातली धूळ एका बाजूने पाहिली तर चमकते, दुसऱ्या बाजूने पाहिली तर दिसत नाही, तसेच हे.

अमेरिकेच्या 'नोआ' या संस्थेत धुराचे नकाशे बनवणाऱ्यांना हे चांगले ठाऊक आहे. तिथल्या 'हॅझर्ड मॅपिंग सिस्टीम'मध्ये आजही माणसे बसून धुराच्या सीमा हाताने आखतात. विश्लेषक भूस्थिर उपग्रहाची चित्रे सिनेमासारखी पुढे-मागे फिरवतो. स्थिर चित्रात धूर आणि पातळ ढग सारखेच दिसले, तरी हलत्या चित्रात फरक कळतो. धुराच्या पट्ट्याला मूळ असते. तो एका बिंदूतून सतत निघत राहतो आणि लांब गेला की पसरतो. ढग जागेवर तयार होतो, विरतो. मग त्या पट्ट्याभोवती रेषा ओढून त्याला पातळ, मध्यम किंवा दाट असा शेरा दिला जातो. इतक्या स्वयंचलित यंत्रणांच्या काळात हे काम माणसाच्या नजरेवर सोपवलेले पाहून आश्चर्य वाटते, पण ते योग्यच आहे. विरळ होत गेलेल्या, दोन दिवस जुन्या धुराचे शेवटचे टोक ओळखण्यात सरावलेला डोळा अजून संगणकाला सहज हार जात नाही.

आकडा हवा असेल, तर मात्र डोळा पुरत नाही. त्यासाठी 'एरोसॉल ऑप्टिकल डेप्थ' म्हणजे कणांच्या थराची प्रकाशीय जाडी काढतात. स्वच्छ हवेत ती ०.१च्या आसपास असते. ती १ झाली की डोक्यावरच्या सूर्याच्या थेट किरणांपैकी सुमारे ३७ टक्केच जमिनीपर्यंत पोहोचतात. ३ झाली की जेमतेम ५ टक्के. उपग्रहाने काढलेली ही जाडी बरोबर आहे का, हे जमिनीवरून सूर्याकडे रोखलेल्या प्रकाशमापकांशी ताडून पाहतात. 'एरोनेट' नावाच्या या जागतिक जाळ्यातले एक उपकरण पुण्यात, पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत आहे.

या मोजणीत एक अडचण आहे, आणि ती नेमक्या नको त्या वेळी येते. प्रकाशीय जाडी काढण्याआधी संगणक ढग असलेले ठिपके बाजूला काढतो. धूर फारच दाट झाला की तो चमकदार आणि अपारदर्शक होतो, आणि संगणक त्यालाच ढग समजून गाळून टाकतो. परिणामी भडकलेल्या आगीच्या अगदी जवळ, जिथे धूर सर्वांत जास्त, तिथेच नकाशात रिकामी जागा दिसते. नवख्या माणसाला वाटावे की तिथे हवा स्वच्छ आहे.

ही उणीव अतिनील प्रकाश भरून काढतो, आणि तो या कामाला लागला तो योगायोगाने. १९७८ मध्ये 'निंबस-७' उपग्रहावर 'टॉम्स' नावाचे उपकरण गेले ते ओझोन मोजायला. त्याच्या मोजणीत काही ठिकाणी वारंवार चूक येत असे. पुढे १९९०च्या दशकात लक्षात आले की ही चूक वाळवंटांच्या आणि वणव्यांच्या वर येते. हवेचे रेणू अतिनील प्रकाश भरपूर विखुरतात, म्हणून वरून पाहिले तर त्या प्रकाशात खालचे वातावरण उजळलेले असते. धुरातले सेंद्रिय पदार्थ आणि काजळी तो प्रकाश शोषून घेतात, म्हणून तेवढा भाग काळवंडतो. ती टाकाऊ चूकच 'एरोसॉल इंडेक्स' म्हणून वापरात आली. तिचा मोठा गुण असा की धूर ढगांच्या किंवा बर्फाच्या वर असला, तरी ती त्याला पकडते. पांढऱ्यावर पांढरे असे होत नाही. मात्र धूर जितका उंच, तितका हा निर्देशांक मोठा येतो, त्यामुळे जमिनीलगतचा धूर त्यात कमी भासतो. ऑक्टोबर २०१७ मध्ये युरोपने सोडलेल्या 'सेंटिनेल-५पी'वरचे 'ट्रोपोमी' हे उपकरण आज हे काम रोज साऱ्या पृथ्वीसाठी करते.

ट्रोपोमी कार्बन मोनॉक्साइडही मोजते, आणि लांबच्या प्रवासाचा माग काढायला हा वायू फार उपयोगी आहे. कण पावसाने धुऊन जातात, खाली बसतात. कार्बन मोनॉक्साइड मात्र हवेत काही आठवडे ते एक-दोन महिने टिकतो. समुद्रावर धूर डोळ्यांना दिसेनासा झाला, तरी या वायूची शेपटी नकाशावर राहते. शिवाय तो अवरक्त उपकरणांनी रात्रीही मोजता येतो, आणि रात्र ही धुराच्या मागातली मोठी फट आहे. उष्णतेच्या तरंगांना धूर पारदर्शक, आणि दृश्य प्रकाश तर नाहीच. अपवाद व्हीअर्सच्या एका विशेष पट्ट्याचा: तो चांदण्यातही पाहू शकतो. पण त्यासाठी चंद्र हवा. अमावास्येच्या आसपास वणवा दिसतो, धूर दिसत नाही.

वणवा शोधण्याचे गणित तुलनेने सोपे आहे. तापलेल्या वस्तूचा प्रकाश तिच्या तापमानानुसार ठरावीक तरंगलांबीला सर्वाधिक असतो. साध्या जमिनीचा तो १० मायक्रॉनच्या आसपास, आणि आठशे केल्व्हिनच्या आगीचा साडेतीन मायक्रॉनच्या जवळ. म्हणून ४ मायक्रॉनच्या पट्ट्यात पाहिले, की चित्रातल्या एका ठिपक्याचा अगदी छोटा भाग जळत असला, तरी तो पूर्ण ठिपका झगमगतो. मोडिसचा असा ठिपका एक किलोमीटरचा, व्हीअर्सचा ३७५ मीटरचा. त्या झगमगाटावरून आगीची उत्सर्जित शक्ती मेगावॉटमध्ये काढतात. प्रयोगांतून असे दिसले आहे की आगीने किरणांवाटे बाहेर टाकलेल्या प्रत्येक मेगाज्यूल ऊर्जेमागे साधारण ०.३७ किलो सुके गवत-लाकूड जळालेले असते. त्यावरून किती जळले, आणि किती धूर निघाला असेल, याचा हिशेब मांडता येतो. कॅनडात २०२३च्या त्या हंगामात सुमारे दीड कोटी हेक्टर क्षेत्र जळाले. महाराष्ट्राच्या जवळपास निम्म्याइतके.

आता सर्वांत अवघड प्रश्न: धूर आहे किती उंचीवर? उपग्रह वरून खाली पाहतो. त्याला हवेचा पूर्ण खांब एकाच पानावर चपटा झालेला दिसतो. तो धूर माणसाच्या नाकाशी आहे की पाच किलोमीटर वर, हे साध्या चित्रावरून कळत नाही, आणि लोकांच्या आरोग्याला तर तेवढेच महत्त्वाचे असते.

सॅन फ्रान्सिस्कोच्या लोकांना हे सप्टेंबर २०२० मध्ये अनुभवाला आले. ९ सप्टेंबरला तिथे सकाळ झालीच नाही. आकाश गडद नारिंगी राहिले, दुपारीही घराघरांत दिवे होते. पण जमिनीवरची हवामापक यंत्रे त्या दिवशी बरीच बरी हवा दाखवत होती. समुद्रावरून आलेल्या थंड, दमट हवेचा थर जमिनीलगत होता आणि कॅलिफोर्नियातल्या आगींचा धूर त्याच्या वर तरंगत होता. पुढच्या दोन दिवसांत धूर खाली उतरला. आकाश नारिंगी राहिले नाही, नुसते पांढुरके झाले, आणि हवा खरोखर वाईट झाली ती तेव्हा. भीती एका दिवसाची आणि अपाय दुसऱ्याच दिवसाचा.

उंची मोजायचे काही मार्ग आहेत. टेरावरच्या 'मिसर' उपकरणाला नऊ कॅमेरे आहेत. काही पुढे पाहणारे, काही मागे, एक सरळ खाली. साधारण सात मिनिटांत ते सगळे एकाच जागेवरून नजर फिरवून जातात. बोट डोळ्यांसमोर धरून आधी एक आणि मग दुसरा डोळा मिटला, की बोट मागच्या भिंतीवर सरकल्यासारखे वाटते. तेच तत्त्व इथे: वेगवेगळ्या कोनांतून धुराचा लोट जमिनीवर जितका सरकलेला दिसतो, तितका तो उंच. पण मिसरचा पट्टा अरुंद आहे.

लेसरचा मार्ग याहून नेमका. एप्रिल २००६ मध्ये सोडलेला 'कॅलिप्सो' उपग्रह सेकंदाला सुमारे वीस वेळा लेसरचा स्पंद खाली सोडत असे. प्रकाश खाली जाऊन परत यायला पाच-सहस्रांश सेकंदही लागत नव्हता. तो किती उशिराने परतला यावरून थराची उंची कळे. परतलेल्या प्रकाशाचे ध्रुवण किती बिघडले यावरून कण गोल आहेत की ओबडधोबड, म्हणजे धूर आहे की धूळ, याचाही अंदाज येई. त्याची मर्यादा अशी की लेसरची रेघ जमिनीवर शंभर मीटरच्या आसपासच रुंद. हजार किलोमीटर पसरलेल्या धुरातून तो एक सुई आरपार काढत असे. सतरा वर्षांच्या सेवेनंतर ऑगस्ट २०२३ मध्ये, म्हणजे नेमक्या कॅनडाच्या त्या वणव्यांच्या हंगामात, ही मोहीम संपली. मे २०२४ मध्ये युरोप आणि जपान यांनी मिळून सोडलेल्या 'अर्थकेअर' उपग्रहावर पुन्हा तसा लेसर आहे.

कॅलिप्सोच्या लेसरने जे दाखवले, त्यातला सर्वांत नवलाचा भाग ऑस्ट्रेलियाचा आहे. २०१९च्या डिसेंबरअखेरीस आणि जानेवारी २०२०च्या पहिल्या दिवसांत तिथल्या आग्नेय भागातल्या वणव्यांनी स्वतःचेच वादळी ढग तयार केले. आगीची उष्णता हवा इतक्या जोराने वर ढकलते की धुरातूनच गडगडाटी मेघ उभा राहतो. त्याला पायरोक्युम्युलोनिम्बस म्हणतात. मराठीत अग्निमेघ म्हणायला हरकत नाही. तो धुराला धुराड्यासारखा सरळ स्थितांबरात, म्हणजे पाऊस-ढगांच्या पलीकडच्या थरात नेऊन सोडतो. तिथे धुऊन काढायला पाऊस नाही. उलट काळी काजळी ऊन शोषते, भोवतालची हवा तापवते आणि तो थर आणखी वर चढतो. त्या वेळी सुमारे हजार किलोमीटर रुंदीचा एक धुराचा भोवरा दोन महिन्यांहून जास्त काळ टिकून राहिला आणि ३५ किलोमीटर उंचीपर्यंत चढला. खालच्या थरातल्या धुराने ५ जानेवारीला न्यूझीलंडच्या ऑकलंड शहराचे आकाश पिवळे-नारिंगी केले आणि पुढे प्रशांत महासागर ओलांडून चिली-अर्जेंटिना गाठले.

हे सगळे तुकडे एकत्र येतात ते संगणकी प्रतिमानांत. आगीची जागा आणि शक्ती उपग्रहाकडून, वारा हवामानाच्या अंदाजातून, आणि त्यावरून पुढच्या दोन दिवसांतल्या धुराचा नकाशा. अमेरिकेचे 'एचआरआरआर-स्मोक' हे प्रतिमान डिसेंबर २०२० पासून नियमित वापरात आहे. ते तीन किलोमीटरच्या चौकटीत हिशेब करते आणि जमिनीलगतचा धूर व पूर्ण खांबातला धूर असे दोन वेगळे नकाशे देते. सॅन फ्रान्सिस्कोसारखा प्रसंग ओळखायला हे दोन नकाशे शेजारी ठेवावे लागतात. युरोपची 'कोपर्निकस' सेवा हेच जगभरासाठी करते. जून २०२३च्या शेवटी कॅनडाचा धूर अटलांटिक ओलांडून पोर्तुगाल-स्पेनवर येणार हे तिने आधी सांगितले होते, आणि तो बराचसा उंचावरून जाईल, जमिनीवरच्या हवेला फारसा धक्का लागणार नाही, हेही. झाले तसेच, लोकांना धुरकट आकाश आणि लालभडक सूर्यास्त दिसले.

भारतात याच तंत्राचा सर्वाधिक वापर वणव्यासाठी नाही, तर पंजाब-हरियाणात भाताचे खुंट जाळल्याने होणाऱ्या धुरासाठी होतो. दिल्लीसाठी २०१८ पासून चालणारी हवेच्या पूर्वसूचनेची यंत्रणा उभी करण्यात पुण्याच्या त्याच हवामानशास्त्र संस्थेचा मोठा वाटा आहे. शेतातल्या आगींची आणि प्रकाशीय जाडीची उपग्रहाची माहिती तिच्यात घातली जाते. इथे वासुदेवाच्या ठरल्या वेळेचा तोटा उघड झाला. व्हीअर्सचे उपग्रह दुपारी दीडच्या सुमाराला डोक्यावरून जातात. अलीकडच्या वर्षांत त्यांनी मोजलेल्या आगी झपाट्याने कमी झाल्या, पण धूर त्या मानाने घटला नाही. दक्षिण कोरियाच्या भूस्थिर उपग्रहाची चित्रे पाहिल्यावर धुराचे लोट दुपारी दोननंतर वाढताना दिसले. आग तीच, वेळ बदललेली. केवळ आगींचे ठिपके मोजून जाळणे थांबले असा दावा करणे म्हणूनच धोक्याचे आहे.

महाराष्ट्रातल्या वणव्यांवरही हेच डोळे आहेत. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था मोडिस आणि व्हीअर्सने टिपलेल्या आगींची सूचना राज्यांच्या वन विभागांना पाठवते, आणि नाव नोंदवलेल्या कोणालाही ती मोबाइलवर संदेशाने मिळू शकते. नासाचे 'वर्ल्डव्ह्यू' हे संकेतस्थळ तर सर्वांना मोफत खुले आहे. त्यात ७ जून २०२३ ही तारीख घातली, की क्वेबेकपासून अमेरिकेच्या किनाऱ्यापर्यंत उतरलेला धूर दिसतो. तिथेच फेब्रुवारी ते एप्रिलमधली तारीख घालून आगीचा थर चालू केला, की सह्याद्रीच्या रांगेवर तांबडे ठिपके दिसतात. त्यांचा धूर मात्र चित्रात सहसा सापडत नाही. गवत आणि पालापाचोळ्याच्या या आगी लहान असतात, आणि त्यांच्या धुराचा पट्टा उपग्रहाच्या नजरेत भरण्याआधीच विरून जातो.